'ल' की 'ल्वी'? फ्रेंच वाक्प्रचारांतील अप्रत्यक्ष कर्माविषयी

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाला सर्वनामांच्या प्रकरणात जी अडचण येते, तिचे मूळ फ्रेंचमध्ये कमी आणि आपल्या 'त्याला' या शब्दात जास्त आहे, असे माझे मत आहे. 'मी त्याला पाहिले' आणि 'मी त्याला सांगितले' ही दोन वाक्ये आपण एकाच श्वासात बोलतो. पहिल्या वाक्यात 'त्याला' हे प्रत्यक्ष कर्म आहे आणि दुसऱ्यात अप्रत्यक्ष, याची जाणीव ठेवण्याची गरज आपल्याला पडत नाही, कारण द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचे एकवचनी प्रत्यय आपल्याकडे 'स, ला, ते' हेच आहेत. फ्रेंचमध्ये मात्र याच ठिकाणी दोन वेगळे शब्द उभे राहतात. पाहिले तर 'झ ल व्वा', म्हणजे 'ल'. सांगितले तर 'झ ल्वी दी', म्हणजे 'ल्वी'. (फ्रेंच शब्द या लेखात देवनागरीत, उच्चाराच्या जवळपास जातील असे लिहिले आहेत, अचूक उच्चार कानानेच शिकावा लागतो.)

फरक फक्त तृतीय पुरुषातच दिसतो, हे आधी लक्षात घेतले की निम्मी भीती जाते. 'मला', 'तुला', 'आम्हाला', 'तुम्हाला' यांसाठी 'म', 'त', 'नू', 'वू' हीच रूपे दोन्ही कामे करतात आणि तिथे फ्रेंच मराठीइतकीच सैल आहे. 'तो', 'ती', 'ते' यांच्यापाशी आल्यावर मात्र प्रत्यक्ष कर्मासाठी 'ल', 'ला', 'ले' आणि अप्रत्यक्ष कर्मासाठी 'ल्वी' व 'लर' असे दोन संच होतात. त्यातही एक गंमत आहे: प्रत्यक्ष कर्मात लिंगभेद आहे, अप्रत्यक्षात नाही. क्रियापदापूर्वीचा 'ल्वी' पुरुषालाही चालतो आणि स्त्रीलाही. 'लर' हा शब्द लॅटिनमधील 'इल्लोरुम' म्हणजे 'त्यांचा' या षष्ठीच्या अनेकवचनातून आला आहे. 'त्यांना' आणि 'त्यांचा' या दोन्ही अर्थांनी फ्रेंचमध्ये एकच शब्द का दिसतो, याचे उत्तर त्या उगमात आहे. फक्त, 'त्यांचा' या अर्थी वापरताना वस्तू अनेक असतील तर त्याला 'एस' लागतो. 'त्यांना' या अर्थी तो कधीच लागत नाही.

इथपर्यंतचा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतो. खरी गुंतागुंत सुरू होते ती क्रियापदी वाक्प्रचारांपासून, म्हणजे एखादे साधे क्रियापद आणि त्याला चिकटलेले नाम मिळून जिथे एक अर्थ तयार होतो तिथून. 'फेर पर' म्हणजे घाबरवणे, 'फेर माल' म्हणजे दुखावणे किंवा इजा करणे, 'फेर कोंफियाँस' म्हणजे विश्वास ठेवणे, 'राँद्र विझित' म्हणजे भेटीला जाणे, 'तनीर कोंपानी' म्हणजे सोबत करणे, 'कुपे ला पारोल' म्हणजे बोलणे मध्येच तोडणे. रोजच्या फ्रेंचमध्ये असे वाक्प्रचार पावलोपावली भेटतात आणि त्यांच्या सोबतीने येणारी व्यक्ती बहुतेक वेळा 'ल्वी' होऊनच येते. 'झ ल्वी फे कोंफियाँस', माझा त्याच्यावर विश्वास आहे. 'झ ल्वी राँ विझित', मी तिला भेटायला जाते. विद्यार्थी हे वाक्प्रचार एकेक करून पाठ करतात, आणि यादी लांबत गेली की कंटाळतात. ती यादी पाठ करण्याची फारशी गरज नाही, हेच मला इथे सांगायचे आहे, कारण बहुतेक वाक्प्रचारांच्या मुळाशी एकच साधे कारण आहे.

एका क्रियापदाला प्रत्यक्ष कर्म एकच असते. 'फेर पर' या जोडीत 'पर', म्हणजे भीती, हे नामच 'फेर' या क्रियापदाचे प्रत्यक्ष कर्म होऊन बसलेले आहे. ती जागा भरल्यावर ज्याला भीती वाटते त्या माणसाला प्रत्यक्ष कर्म होता येत नाही. त्याला 'आ' या शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने वाक्यात यावे लागते, आणि 'आ' अधिक व्यक्ती म्हणजेच 'ल्वी'. शब्दशः पाहिले तर आपण 'त्याला भीती करतो', 'त्याला भेट देतो', 'त्याला विश्वास करतो' असेच म्हणत असतो.

हे कारण किती पक्के आहे याची खात्री पटवण्यासाठी मी नेहमी समानार्थी जोड्या समोर ठेवते. आभार मानण्यासाठी 'रमेर्सिये' हे एकसंध क्रियापद वापरले तर 'झ ल रमेर्सी' होते. त्याच अर्थाने 'दीर मेर्सी' हा वाक्प्रचार वापरला तर 'झ ल्वी दी मेर्सी' होते, कारण आता 'मेर्सी' हा शब्द कर्माच्या जागी आहे. मदत करण्यासाठी 'एदे' वापरले तर 'झ लेद', आणि 'हात देणे' या अर्थाचा 'दोने अँ कू द मॅं' वापरला तर 'झ ल्वी दोन अँ कू द मॅं'. मध्येच बोलणे तोडण्यासाठी 'अँतेरोंप्र' घेतले तर प्रत्यक्ष कर्म, 'कुपे ला पारोल' घेतले तर अप्रत्यक्ष. बरोबर जाण्यासाठी 'आकोंपान्ये' घेतले तर 'ल', सोबत करण्यासाठी 'तनीर कोंपानी' घेतले तर 'ल्वी'. माणूस तोच, कृती जवळजवळ तीच, अर्थातही फार अंतर नाही. सर्वनाम बदलते ते केवळ वाक्याच्या आत एक नाम आधीच येऊन बसले आहे म्हणून.

याहूनही बोलके उदाहरण म्हणजे एकच क्रियापद दोन वाक्प्रचारांत दोन प्रकारे वागते तेव्हाचे. 'तनीर' हेच क्रियापद घ्या. 'झ ल्वी तियॅं कोंपानी', मी त्याला सोबत करते. पण 'झ ल तियॅं ओ कूराँ', मी त्याला वेळोवेळी माहिती देत राहते. दुसऱ्या वाक्यात 'ल' का आला? कारण 'ओ कूराँ' या तुकड्यातील नाम अव्ययाच्या मागून आले आहे, ते कर्म नाही, त्यामुळे कर्माची जागा रिकामी राहिली आणि ती माणसाने घेतली. 'प्राँद्र आँ फोतो', म्हणजे फोटो काढणे, आणि 'प्राँद्र ओ सेरियू', म्हणजे एखाद्याला गांभीर्याने घेणे, हे याच जातीचे आहेत: 'झ ला प्राँ आँ फोतो', मी तिचा फोटो काढते. 'मेत्र आँ कोलेर', म्हणजे राग आणणे, यातही 'आँ' असल्यामुळे माणूस प्रत्यक्ष कर्मच राहतो. तेव्हा नवा वाक्प्रचार भेटला की पहिला प्रश्न असा विचारावा: यातले नाम थेट क्रियापदाला चिकटले आहे, की मध्ये 'आँ', 'ओ' यांसारखे काही आहे? थेट चिकटले असेल तर माणसाला प्रत्यक्ष कर्माची जागा उरलेली नाही.

मराठीत मात्र याच अर्थांसाठी आपण किती वेगवेगळे प्रत्यय वापरतो ते पाहण्यासारखे आहे. विश्वास 'त्याच्यावर' ठेवतो, बोलतो 'त्याच्याशी', मागतो 'त्याच्याकडे', दिसतो 'त्याच्यासारखे', आज्ञा 'त्याची' पाळतो आणि प्रश्न 'त्याला' विचारतो. फ्रेंचमध्ये हे सगळे 'ल्वी'च्या पोटात जाते: 'झ ल्वी पार्ल', 'एल ल्वी रसाँब्ल', 'इल ल्वी ओबेई', 'झ ल्वी पोझ यून केस्त्यों'. म्हणून मराठी वाक्य मनात धरून त्यातील प्रत्ययावरून फ्रेंच सर्वनाम ठरवण्याचा प्रयत्न हमखास फसतो. 'वाट पाहणे' हे तर नेमके उलट उदाहरण आहे: आपण 'त्याची' वाट पाहतो, पण फ्रेंचमधील 'आताँद्र' एकसंध क्रियापद असल्याने तिथे साधे प्रत्यक्ष कर्म येते, 'झ लाताँ'.

एकसंध क्रियापदांच्या बाबतीत मात्र हा जागेचा नियम मदतीला येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. फोन करण्यासाठी 'आप्ले' घेतले तर 'ल' आणि 'तेलेफोने' घेतले तर 'ल्वी', हे लक्षातच ठेवावे लागते. यातील काहींचे स्पष्टीकरण लॅटिनमध्ये सापडते: आवडणे या अर्थाचे 'प्लेर', अपाय करणे या अर्थाचे 'न्वीर' आणि आज्ञा पाळणे या अर्थाचे 'ओबेईर' या तिघांचीही लॅटिनमधील पूर्वरूपे चतुर्थीच घेत असत. नामांच्या विभक्ती फ्रेंचने टाकून दिल्या, पण सर्वनामांत त्यांचा हा अवशेष टिकून राहिला.

'प्लेर'चा उल्लेख आला आहे तर तिथे थोडे थांबायला हवे, कारण या ठिकाणी मराठी माणूस इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे असतो आणि तरीही त्या फायद्याचा उपयोग करून घेत नाही. 'स लीव्र म प्ले' म्हणजे 'मला हे पुस्तक आवडते'. दोन्ही भाषांत पुस्तक हा कर्ता आहे, ज्याला आवडते तो चतुर्थीत आहे आणि क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलते: 'मला ही पुस्तके आवडतात', 'से लीव्र म प्लेझ'. रचना हुबेहूब तीच. 'इल म फो', मला हवे किंवा मला लागते. 'इल म साँब्ल', मला वाटते. 'इल म रेस्त', माझ्यापाशी उरले आहे. या वाक्यांतही अनुभव घेणारा माणूस कर्त्याच्या खुर्चीत बसत नाही. आपल्याला भूक लागते, राग येतो, थंडी वाजते, आठवण होते. आपण या गोष्टी 'करत' नाही, त्या आपल्याला होतात. ही दृष्टी ज्याच्या भाषेत मुरलेली आहे, त्याने या फ्रेंच रचना इंग्रजीच्या वळणाने शिकणे म्हणजे जवळची वाट सोडून लांबून जाणे आहे.

'माँके' हे क्रियापद त्यातल्या त्यात कुप्रसिद्ध आहे. 'त्यू म माँक' या वाक्याचा अर्थ 'मला तुझी आठवण येते' असा होतो, पण 'त्यू' म्हणजे 'तू' हा कर्ता आणि 'म' म्हणजे 'मला'. 'तू मला उणा पडतोस' असे म्हटले तर मराठी थोडी ओढूनताणून होते, परंतु 'तुझी उणीव मला भासते' या वाक्यातही उणीव कर्ता आहे आणि 'मला' चतुर्थीत आहे, हे पाहिले की फ्रेंच वाक्य उलटे वाटेनासे होते. 'तिला तिच्या भावाची आठवण येते' याचे फ्रेंच करताना भावापासून सुरुवात करावी: 'सों फ्रेर ल्वी माँक'. या एका सवयीने पुढच्या अनेक चुका टळतात.

भीतीच्या बाबतीत फ्रेंचमध्ये दोन दिशा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. 'इल म फे पर' म्हणजे तो मला भीती घालतो, त्याची मला भीती वाटते. 'झे पर द ल्वी' म्हणजेही मला त्याची भीती वाटते. पहिल्या वाक्यात 'तो' कर्ता आहे, दुसऱ्यात 'मी'. दुसऱ्यात 'आव्वार पर' या वाक्प्रचारात नाम कर्माच्या जागी बसलेच आहे, परंतु माणसाला जोडणारे अव्यय 'आ' नसून 'द' आहे, म्हणून तिथे क्रियापदापूर्वीचा 'ल्वी' येऊच शकत नाही. तो 'द'च्या मागून, स्वतंत्र रूपात येतो. आणि हा मागून येणारा 'ल्वी' दिसायला तोच असला तरी वेगळा आहे: तो फक्त पुरुषासाठी आहे, स्त्रीसाठी 'देल' म्हणावे लागते. गरज असणे, दया येणे, काळजी घेणे यांसाठीचे 'आव्वार बझ्वॅं', 'आव्वार पित्ये', 'प्राँद्र स्वॅं' हे सगळे 'द' घेणारे वाक्प्रचार आहेत. म्हणून शब्दकोशात वाक्प्रचार पाहताना केवळ अर्थ टिपून घेऊ नये. पुढे 'कोणाला तरी' अशा अर्थाचे 'आ केल्कॅं' आहे की 'द केल्कॅं', हेही वहीत लिहून ठेवावे. अर्थ विसरला तर संदर्भावरून कळतो. अव्यय विसरले तर संदर्भ काही मदत करत नाही.

आता जिथे 'आ' असूनही 'ल्वी' पुढे येत नाही अशा हट्टी वाक्प्रचारांकडे वळू. 'फेर आताँस्यों', लक्ष देणे किंवा जपून राहणे, याला 'आ' लागतो; तरीही 'झ ल्वी फे आताँस्यों' असे म्हणत नाहीत, 'झ फे आताँस्यों आ ल्वी' असेच म्हणतात. मदतीसाठी बोलावणे या अर्थाचे 'फेर आपेल', आधार घेणे या अर्थाचे 'आव्वार रकूर', तसेच 'पाँसे', विचार करणे, आणि 'तनीर', जिव्हाळा असणे, ही क्रियापदे 'आ'च्या सोबत अशीच वागतात. नियम म्हणून नव्हे, पण ओळखीची खूण म्हणून मला असे वाटते की जिथे माणसाच्या वाट्याला काहीतरी येते, म्हणजे भीती, वेदना, विश्वास, भेट, प्रश्न, तिथे 'ल्वी' पुढे जातो. जिथे माझे मन किंवा माझी हाक त्या माणसाच्या दिशेने वळते एवढेच असते, तिथे तो 'आ'ला धरून मागेच राहतो. ज्या क्रियापदांना स्वतःकडे वळणारे 'म', 'त', 'स' आधीच लागलेले असते, त्यांच्यातही 'ल्वी' पुढे येत नाही. त्यामुळे विश्वासासाठी दोन वाक्ये मिळतात: 'झ ल्वी फे कोंफियाँस' आणि 'झ म फी आ ल्वी'. व्यक्तीऐवजी वस्तू किंवा विषय असेल तर या हट्टी गटात 'ई' हे सर्वनाम येते, 'झी पाँस', मी त्याचा विचार करते.

नाम कर्माच्या जागी बसते म्हणजे काय, याचा आणखी एक पुरावा त्याच्या उपपदात आहे. 'फेर पर' मधील 'पर' या नामाला उपपद नाही, त्यामुळे ते क्रियापदाशी इतके एकजीव झाले आहे की 'खूप' म्हणायचे झाल्यास क्रियाविशेषणच त्याला लागते: 'इल मा फे त्रे पर'. उलट 'पोझे यून केस्त्यों' मधील प्रश्नाला उपपद आहे, म्हणून तो प्रश्न 'आँ' या सर्वनामाने बदलता येतो: 'झ ल्वी आँ ने पोझे यून', मी त्याला एक विचारला. आणि 'फेर माल' व 'फेर द्यू माल' यांतील फरक तर जपून वापरण्यासारखा आहे. 'इल मा फे माल' हे मुख्यतः अंगाला लागले, दुखले या अर्थाने येते. 'इल मा फे द्यू माल' असे म्हटले की त्याने माझे वाईट केले, मला खोलवर दुखावले, असा अर्थ होतो. एवढ्याशा 'द्यू'ने वाक्याचे वजन बदलते, 'म' मात्र दोन्हीकडे अप्रत्यक्षच राहतो.

रागावरचा 'आँ वुल्वार' हा वाक्प्रचार मला व्यक्तिशः फार आवडतो. 'झ ल्वी आँ व', माझ्या मनात त्याच्याविषयी राग आहे, अढी आहे. यातील 'आँ' कशाबद्दल आहे हे आता कोणी विचारत नाही; ते त्या क्रियापदाचा भागच झाले आहे. 'न माँ व पा', माझ्यावर राग धरू नकोस, हे वाक्य तर आख्खेच्या आख्खे तोंडात बसवावे, कारण सर्वनामांचा क्रम, नकार आणि आज्ञार्थ हे तिन्ही त्यात एकत्र आले आहेत. होकारार्थी आज्ञेत सर्वनाम क्रियापदाच्या मागे जाते आणि 'म'चे 'म्वा' होते, 'फे-म्वा कोंफियाँस'; 'ल्वी' मात्र तसाच राहतो, 'फे-ल्वी कोंफियाँस'.

जागेचा हाच न्याय प्रयोजक रचनेतही चालतो, हे पाहून मला या भाषेच्या शिस्तीचे कौतुक वाटते. 'झ ल फे लीर', मी त्याला वाचायला लावते. काय वाचायचे ते सांगितलेले नाही, जागा रिकामी आहे, म्हणून 'ल'. पण पत्र वाचायला लावले की 'झ ल्वी फे लीर ला लेत्र', कारण कर्माची जागा आता पत्राने घेतली. मराठीत दोन्ही वाक्यांत 'त्याला'च राहते.

हा भेद इतका काटेकोर पाळण्याचे फळ लेखनात मिळते. स्वतःकडे वळणाऱ्या क्रियापदांच्या भूतकाळात, 'स' प्रत्यक्ष कर्म असेल तर धातुसाधिताला लिंगवचन लागते, अप्रत्यक्ष असेल तर लागत नाही. 'एल से राँद्यू कोंत', तिच्या लक्षात आले, यात 'राँद्यू'ला स्त्रीलिंगी 'ए' लावण्याची चूक चांगले लिहिणारेही करतात. 'कोंत' हे नाम कर्म आहे हे ज्याला दिसते त्याच्या हातून ती होत नाही. इथे फरक फक्त लिहिताना दिसतो, पण काही ठिकाणी तो कानालाही कळतो. तिला लागले, तिने स्वतःला इजा करून घेतली: 'एल से फे माल', यात 'फेत' होत नाही, कारण 'माल' कर्म आहे आणि 'स' अप्रत्यक्ष. ती रागावली: 'एल से मीझ आँ कोलेर', इथे 'मी'चे 'मीझ' झाले, कारण राग 'आँ'च्या मागे राहिला आणि 'स' हेच प्रत्यक्ष कर्म ठरले.